गाडी कोणाच्या नावावर?



आजवर या कार्यक्रमात आम्ही जात्याचा इतिहास सांगितला, चुलीचा सांगितला, पाणवठ्याचा आणि रेशनकार्डाचाही सांगितला. मागच्या महिन्यात बैठकीला आलेली एक बाई म्हणाली, "तुम्ही घरातल्या वस्तूंचं सांगता, पण दारातल्या गाडीचं कधी सांगत नाही. तिचे हप्ते तर आम्हीच भरतो." सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं होतं. गटाची कर्जाची वही उघडून बघितली, तर शेळी आणि शिलाई मशीनच्या खालोखाल 'जुनी मोटरसायकल' हेच कारण लिहिलेलं होतं. कुणी नवऱ्यासाठी कर्ज काढलेलं, कुणी मुलासाठी. मग आम्ही विचारलं, यातल्या किती गाड्या बाईच्या नावावर आहेत? एकही हात वर झाला नाही. पुढे विचारलं, ज्याने गाडी घेतली त्याच्या तरी नावावर आहे का? तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही.

म्हणून आज जुन्या मोटरसायकलींचा इतिहास सांगतो. गाडी आपल्या गावात कशी आली, तिच्यावर कोण बसलं, ती कोणी जगवली, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्याबरोबर कागद का गेला नाही, हे सगळं त्यात येईल.

बुलेट, जावा आणि दूधवाल्याची राजदूत

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मोटरसायकल ही परदेशातून येणारी वस्तू होती. लष्कर, मोठे अधिकारी आणि पैसेवाले यांच्याकडेच ती दिसायची. आपली माणसं पायी जायची, बैलगाडीने जायची, फार तर सायकल. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बुलेट जोडायला सुरुवात झाली. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची ही गाडी सरकारला सरहद्दीवर गस्त घालायला हवी होती. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे जोडले जायचे; पुढे ते इथेच बनू लागले. नंतर इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. आमच्या आया सांगतात, गावाच्या वेशीवर बुलेटचा आवाज आला की फौजदार आला हे घरात बसूनच कळायचं आणि पोरं माळ्यावर चढून बसायची.

१९६१ मध्ये म्हैसूरला जावा बनू लागली. तिचा मूळ देश तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया. दोन सायलेन्सर, आणि किक मारायला व गिअर टाकायला एकच दांडा, अशी तिची ओळख. १९७३ च्या सुमारास तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आजही एखाद्या वाड्यात पोत्याखाली झाकलेली येझदी असते आणि घरातला म्हातारा तिला विकू देत नाही.

पण गावात खऱ्या अर्थाने शिरली ती राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंड देशातल्या एका गाडीच्या नमुन्यावर ती बनवली. १७५ सीसीचं साधं इंजिन, जड सांगाडा, मागे कितीही ओझं बांधा. १९७३ साली 'बॉबी' सिनेमात नायक-नायिका तिच्या लहान भावंडावर बसून फिरले, म्हणून लोक त्या छोट्या राजदूतला 'बॉबी'च म्हणू लागले. सिनेमातली राजदूत प्रेमिकांची, गावातली मात्र दूधवाल्याची. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, पुढे १९७० पासून देशभर दूध वाढवायची मोठी योजना सुरू झाली, आणि गावागावातून दूध गोळा करून संकलन केंद्रावर न्यायचं काम निघालं. मागच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या जोडायच्या, त्यांत किटल्या अडकवायच्या आणि पहाटे अंधारात निघायचं.

इथे आपण जरा थांबू. गोठ्यातलं शेण आपण काढलं, वैरण आपण आणली, धार आपण काढली. किटली दारापर्यंतही आपणच आणली. दारापासून पुढे मात्र ती राजदूतवर गेली आणि दुधाचा पगार राजदूतवाल्याच्या खिशातून घरात आला. जिच्या हातात गाडी नाही तिच्या हातात पैसाही येत नाही, हे आपल्या आयांनी मोटरसायकल आली तेव्हाच पाहिलं. कोणी त्यावर व्याख्यान दिलं नाही, एवढंच.

नव्यापेक्षा जुनी महाग

आताच्या पोरींना हे खोटं वाटेल, पण एके काळी पैसे मोजले तरी गाडी मिळत नव्हती. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकार परवाना देऊन ठरवायचं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर बनायची, १९७२ मध्ये तिचं 'चेतक' आलं. तिच्यासाठी नंबर लावायचा आणि आठ-दहा वर्षं वाट बघायची. पोरीच्या जन्माला नंबर लावला तर शाळा सुटता सुटता स्कूटर यायची. त्यामुळे ज्याचा नंबर लागला तो गाडी घ्यायचा आणि जास्त पैशाला विकून मोकळा व्हायचा. वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग जायची.

जुन्या गाड्यांचा व्यवहार आपल्याकडे असा रुजला. गाडी कमी आणि घेणारे जास्त असले की विकणारा म्हणेल तसं चालतं. "पैसे आत्ता दे, कागदाचं नंतर बघू" ही सवय तेव्हाच लागली. पुढे गाड्या मुबलक झाल्या, सवय मात्र तशीच राहिली.

याच काळात आपल्याच मातीत एक छोटी गाडी जन्मली. १९७२ साली अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक कंपनीने लूना आणली. ५० सीसी, गिअर नाही, क्लच नाही, आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखे पायडल मारत घरी या. शाळेच्या बाई आणि दवाखान्याच्या नर्सबाई लूनावरून गावात आल्या. नऊवारीतल्या बायका चावडीजवळ उभ्या राहून त्यांना बघायच्या. आमच्यातली एक जण सांगते, "मला नर्स व्हायचं नव्हतं, मला लूना चालवायची होती. त्यासाठी नर्स व्हावं लागतं असं मला वाटायचं." १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५० आली, पुढे किल्ली फिरवून बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. पण या गाड्या जास्त करून नोकरी करणाऱ्या आणि शहराजवळच्या बायकांच्या हातात गेल्या. शेतात राबणारीच्या वाट्याला मागची सीटच आली.

हिरो होंडा आणि हुंडा

१९८० नंतर जपानच्या कंपन्यांना भारतीय कंपन्यांबरोबर कारखाने काढायची मुभा मिळाली. दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या गाड्यांची रांग लागली: इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. त्यात १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. सायकली बनवणारी हिरो आणि जपानची होंडा यांनी मिळून काढलेली. बाकीच्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक होत्या, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, धूर व्हायचा आणि पेट्रोल जास्त लागायचं. हिरो होंडा फोर-स्ट्रोक. एका लिटरला ऐंशी किलोमीटर जाते असं जाहिरात सांगायची. साठ गेली तरी शेतकऱ्याला ती राजदूतच्या कितीतरी पुढे होती. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि नव्वदीच्या शेवटाला मोटरसायकलने स्कूटरला मागे टाकलं. खड्ड्यांच्या रस्त्याला मोठं चाक बरं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पण हिरो होंडा आपल्या दारात दुसऱ्या वाटेनेही आली. ती लग्नाच्या यादीत बसली. घड्याळ, अंगठी, सायकल यांच्या जागी 'एक हिरो होंडा' असं बोलणी करताना सांगितलं जाऊ लागलं. हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानेच बंद आहे. तरी बापाने रान गहाण टाकून गाडी दिली. पैसे मुलीच्या बापाचे, नाव जावयाचं. पाच वर्षांनी गाडी विकली, तेव्हा मुलीला कोणी विचारलंही नाही.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. त्याच कायद्याचं सहावं कलम सांगतं, की हुंडा म्हणून दिलेली वस्तू दुसऱ्या कोणी घेतली असेल, तर ती तीन महिन्यांच्या आत त्या मुलीला द्यायची आणि तोवर तिच्यासाठी सांभाळायची. आणि लग्नात मुलीला दिलेलं स्त्रीधन हे तिचंच, नवऱ्याकडे ते फक्त ठेवायला असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणजे माहेरच्या पैशाची जुनी हिरो होंडा परस्पर बाजारात नेऊन विकली, तर तो काही नवऱ्याचा घरगुती मामला नाही. पण हक्क सांगायचा तर पुरावा लागतो. पावती जपा. बापाने पैसे बँकेतून दिले असतील तर ते पासबुक जपा.

मिस्त्रीची विद्या

जुनी गाडी जगते ती मिस्त्रीमुळे. तालुक्याच्या स्टँडजवळ झाडाखाली पत्र्याचं खोपटं, बाहेर काळं पडलेलं मातीचं अंगण, खिळ्यावर टांगलेल्या ट्यूबा. हे लोक कुठल्या शाळेत शिकले नाहीत. राजदूत सुरू होत नसेल तर मिस्त्री आधी प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, मग पॉइंटमध्ये कचरा आहे का बघायचा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर काजळीने भरून गाडी ओढेनाशी झाली, की आतली जाळी काढून आगीत धरायची आणि काजळी जाळून टाकायची. घरातली बाई तव्याची काजळी तशीच घालवते, त्यामुळे हे पाहून आपल्याला नवल वाटत नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बंद पडलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. कारखाना बंद झाला तरी गाडी मरत नाही, ती अशी.

गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यात १९९४ च्या दुष्काळात एका शेतकऱ्याने बुलेटचं मागचं चाक काढून तिथे नांगर-कुळव जोडायची सोय केली. बैल ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून जुनी बुलेट शेतात उतरली. तिला 'बुलेट सांती' म्हणतात. आपल्याकडेही मोटरसायकलला कोळपं बांधून दोन ओळींतलं तण काढणारे शेतकरी आहेत.

मिस्त्रीची थोडी विद्या आपणही उचलायला हरकत नाही. त्याला ताकद लागत नाही, डोळे लागतात. इंजिनाची ऑइलची कांडी बाहेर काढून पुसायची, परत घालून बघायची. ऑइल खालच्या खुणेखाली गेलं तर गाडी चालवायची नाही. शंभर सीसीच्या इंजिनात साधारण एक लिटर ऑइल बसतं. जुन्या गाडीचं ते दर दोन-तीन हजार किलोमीटरला बदललं, तर पुढचा हजारोंचा खर्च वाचतो. चेन बोटाने वर-खाली केली तर साधारण इंचभर हलावी. लोंबकळत असेल तर ती चाकातून उतरते आणि माणूस पडतो. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. टायरवर नक्षी दिसत असली तरी तो म्हातारा झालेला असू शकतो.

आता एक नवी अडचण. पेट्रोलमध्ये आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनलेलं इथेनॉल मिसळतात. २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून जुनी गाडी महिना-महिना टाकी भरून उभी ठेवू नका. पेट्रोलचा पाइप कडक झाला, त्याला चिरा पडल्या, तर लगेच बदला. पाइप काही महाग नाही, गळकं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं तर मात्र महागात पडतं.

मागच्या सीटवरची बाई

इतिहास बघायचा तर मागच्या सीटचाही बघायला हवा. आपण एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन, हातात पिशवी धरून बसतो. पदर चाकात गेला आणि बाई रस्त्यावर पडली, असं प्रत्येक गावात झालेलं आहे. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला पायटा हवा, आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी झाकलेलं चालणार नाही, कारण कपडे चाकात अडकू नयेत. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ते कायद्याने लागणारं आहे. जुनी गाडी तीन-चार हातांतून आलेली असते आणि मधल्या एखाद्या पोराने 'बरी दिसत नाही' म्हणून ती जाळी काढून टाकलेली असते. गाडी घेताना इंजिनाचा आवाज पुरुषांना ऐकू द्या. आपण आधी जाळी आहे का ते बघा. नसेल तर पैसे देण्याआधी बसवून मागा. आणि हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, हे विसरू नका.

कागदाची गोष्ट

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. आमच्या गटातली एक मैत्रीण आहे, नाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याने शेजारच्या तालुक्यातून दहा वर्षांची जुनी गाडी घेतली. गटाचं कर्ज होतं. विकणाऱ्याने आरसी पुस्तक दिलं, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि सांगितलं, "तुमच्या सवडीने नाव लावून घ्या." सवड झाली नाही. दीड वर्षाने ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री घरी येताना तो ट्रॉलीवर आदळला आणि गेला. विमा होता, हप्ताही भरलेला होता. पण विम्यावर नाव जुन्या मालकाचं. गाडी चालवणाऱ्या मालकाला काही झालं तर त्याच्या घरच्यांना जी रक्कम मिळते, ती आज १५ लाख आहे. पण त्यासाठी चालवणारा हा नोंदणीतला मालक असावा लागतो. हा तर कागदावर मालकच नव्हता. तिला काही मिळालं नाही. गाडीचं कर्ज मात्र तिच्या नावावर होतं, ते तिने मजुरी करून फेडलं. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी तिने वहीवर सही केली आणि म्हणाली, "आता तरी ती गाडी माझी झाली का?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्याच वेळी गाड्यांवर एमएच हे अक्षर आलं: सांगलीला १०, साताऱ्याला ११, पुण्याला १२. या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, याने मालक ठरत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर होती. अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच जबाबदारी येते. म्हणजे नाव न लावणं हे घेणाऱ्याला जेवढं धोक्याचं, तेवढंच विकणाऱ्यालाही. तुमच्या सासऱ्यांनी पंधरा वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कोणाला धडकली, तर नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

म्हणून गाडी घेताना किंवा विकताना आम्ही आता काय करतो, ते सांगतो. लिहून घ्या.

आधी आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक आकडा जुळवतो. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघतो. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. मोबाइलवर सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून दंडाची चलनं थकली आहेत का, विमा चालू आहे का ते बघतो. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगतो. आधीच तापवून आणलेली गाडी खोड लपवते. फोर-स्ट्रोक गाडीतून निळा धूर आला की इंजिन ऑइल खातंय, म्हणजे मोठं काम निघणार. काळा धूर आला तर कार्ब्युरेटर किंवा हवेची जाळी बघावी लागेल.

मग फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. विकणाऱ्याने विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्रही लागतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणं. नाव, तारीख, रक्कम भरल्याशिवाय सही नाही. विम्यावरचं नावही त्याच वेळी बदलून घ्यायचं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, पण जुन्या गाडीला तो संपला की आपला आपण भरावा लागतो.

गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी संपते. तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता नव्या पद्धतीच्या सुरक्षित नंबर प्लेट लागतात. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली, तर हा सगळा खर्च किमतीत मिळवून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा. आणि गाडी भंगारात घातली, तर तिची नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी वितळून जाते आणि तिचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरतो.

ज्यांचे घरधनी गेले आहेत त्या मैत्रिणींसाठी दोन वाक्यं वेगळी. गाडी त्यांच्या नावावर असेल, तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची. दिराने किंवा भावकीतल्या कोणी "दे, मी विकून देतो" म्हटलं, तरी नाव लागल्याशिवाय किल्ली देऊ नका. २०२१ पासून आरसीमध्ये वारस म्हणून एक नाव आधीच लिहून ठेवता येतं. बँकेच्या पासबुकात लिहितो तसंच. ते लिहिलं आहे का, हे आज घरी विचारा.

आमच्या गटाने आता ठराव केला आहे. जुन्या गाडीसाठी कर्ज मागणारीच्या हातात सगळी रक्कम एकदम द्यायची नाही. दोन-तीन हजार गटाकडे राखून ठेवायचे आणि नाव लागलेली आरसी दाखवली की विकणाऱ्याला द्यायचे. विकणाराही मग आरटीओत स्वतःहून चकरा मारतो, असा आमचा अनुभव आहे. दुसरा ठराव असा, की कर्ज जिच्या नावावर, गाडीही तिच्याच नावावर. पहिल्या बैठकीत घरच्या पुरुषांनी कुरकुर केली. एक म्हणाला, "गाडी चालवणार मी आणि नाव तिचं?" तेव्हा ती मैत्रीण उठली, जिची गोष्ट मघाशी सांगितली. ती म्हणाली, "हप्ता भरणार ती आणि नाव तुमचं, हे एवढी वर्षं चाललंच की." त्यावर कोणी काही बोललं नाही. फक्त एक गोष्ट आम्ही त्या दिवशी वहीत जोडली: गाडी बाईच्या नावावर करायची, तर ती चालवायलाही तिने शिकायचं आणि लायसन काढायचं. म्हणजे विम्यातली ती १५ लाखांची अट तिला लागू पडेल, आणि दूध घेऊन केंद्रावर जायला ती कोणाची वाट बघणार नाही.

या वर्षी आमच्यातल्या तिघींनी लायसन काढलं. एकीने जुनी स्कूटी घेतली, तिच्या मागे बांगड्यांची पेटी बांधून ती आठवडी बाजार करते. आरसी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवली आहे. कोणी विचारलं की काढून दाखवते.

आज घरी गेल्यावर तुम्हीही ट्रंकेतलं, कपाटातलं ते पुस्तक बाहेर काढा आणि नाव वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लेकीकडून वाचून घ्या. नाव चुकीचं निघालं, तर बैठकीला येताना ते पुस्तक बरोबर आणा. आपण सगळ्या मिळून आरटीओत जाऊ.